पुनवेपर्यंत तुमचे, अवसेपर्यंत आमचे

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो असं सांगितलं की लोक हटकून विचारतात, कसल्या केंद्राचे? अणुऊर्जा केंद्र म्हणावं तर माणूस तसा दिसत नाही, आणि दूरध्वनी केंद्र म्हणावं तर याचा स्वतःचा फोन लागत नाही. म्हणून आधीच सांगतो. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा प्राथमिक शाळांवरचा साहेब. त्याला ऑफिस नसतं, शिपाई नसतो. खुर्ची असते ती ज्या शाळेत जाईल तिथल्या हेडमास्तरांची, आणि तीही ते वर्गावर गेले तर. वरून आलेलं परिपत्रक खाली पोचवायचं, खालून आलेली माहिती वर पाठवायची, आणि मधल्या मधे दोन्ही फारसं कोणी वाचणार नाही याची काळजी घ्यायची, एवढंच काम.

पण त्या कामातही हात बसावा लागतो. एकदा मुलांची वजनं घ्यायला शाळाशाळांत वजनकाटे आले. किनाऱ्यावरच्या एका शाळेतला काटा महिन्याभरात मला मासळीच्या लिलावाच्या जागी सापडला, वर हातभर सुरमई. हेडमास्तरांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "सर, पोरां काय, रोज तितकीच भरतत. मासळी बदलता." मी अहवालात लिहिलं, ‘वजनकाट्याचा नियमित वापर होत आहे.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. असल्या वाक्यांसाठी मी तालुक्यात प्रसिद्ध होतो आणि मला त्याचा अभिमान होता. लॅपटॉपचं प्रकरण माझ्या केंद्रात आलं ते बहुधा म्हणूनच.

गावाचं नाव सांगत नाही. दोन्ही काठांवर मला अजून जेवायला बोलावतात आणि ते तसंच चालू राहावं अशी इच्छा आहे. दोन काठ म्हणायचं कारण गावाच्या मधे खाडी. अलीकडे भरड, म्हणजे भातशेती, काजू, आंबे. पलीकडे दांडा, म्हणजे होड्या, जाळी आणि वाळत घातलेली मासळी. कागदावर गाव एक, ग्रामपंचायत एक, ग्रामदेवताही एक. भांडण मात्र तीन पिढ्यांचं. जत्रेला पालखी निघाली की पहिला नारळ कोणी ठेवायचा, भरडानं की दांड्यानं, यावरून ते सुरू झालं आणि पुढे त्याला बारीकसारीक फांद्या फुटत गेल्या. भरडावरचा माणूस दांड्यावर पाणी पीत नसे. मासळी मात्र दांड्यावरचीच खात असे. साहजिकच शाळाही दोन होत्या, प्रत्येकीत तीसेक मुलं, पहिली ते सातवी.

दोन हजार आठच्या सुमारास मुंबईतल्या एका संस्थेनं या गावाला तीस लॅपटॉप दिले. गरीब मुलांसाठी मुद्दाम बनवलेले स्वस्तातले लॅपटॉप. डब्याएवढा आकार, धरायला मूठ, बटणं लहान बोटांच्या मापाची. अट एकच होती: एक मूल, एक लॅपटॉप, आणि मुलानं तो घरी न्यायचा. संस्थेच्या फॉर्मवर ‘गावातील शाळेचे नाव’ अशी एकच रेघ होती. मुंबईहून बघितलं की खाडी दिसत नाही.

देवळात बैठक बसली. भरडाचे मानकरी आबा आणि दांड्याचे मानकरी तातू समोरासमोर, आणि मी मधल्या खांबाला टेकून.

आबा म्हणाले, "चिठीत ‘गावची शाळा’ म्हटलला आसा. गावची शाळा म्हणजे भरडावरची. दांड्यार काय आसा? वाळू."

तातू म्हणाले, "त्याच वाळूर तुमची घरां उभी आसत, आबानु. माजघरात जावन बघा."

मी सुचवलं की पंधरा-पंधरा वाटून घ्या. तेवढ्यापुरते दोघे एक झाले आणि माझ्याकडे वळले. आबांनी विचारलं, "सायबानु, तुम्ही देवाक अर्धो नारळ ठेवतास काय?"

शेवटी ठरलं की देवीला कौल लावायचा. परक्यांसाठी सांगतो: गुरव देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लॅपटॉप भरडाला द्यायचे का, असा प्रश्न गेला. उजवी पडली. तातू म्हणाले, ती सुकलेली होती. पुन्हा लावला. या खेपेला दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. सगळे गुरवाकडे वळले. मग गुरवानं अर्थ सांगितला की देवीला दोन्ही काठ हवेत, तेव्हा तिच्या पूजेची असते तशी पाळी लावा. पंधरा दिवस या काठाला, पंधरा दिवस त्या काठाला. पुनवेला लॅपटॉप खाडी ओलांडतील, अवसेला परत येतील.

लगेच गाऱ्हाणंही घातलं गेलं. "बा देवी म्हाराजा, ही जी तीस यंत्रां आज तुझ्या पायाकडे ठेवली हत, तेंची बॅटरी टिकव, तेंका पावसाची ओल लागू देव नको, आणि पलीकडचो कोण तेंच्यार वाकडो डोळो धरीत तर तेचो डोळो सरळ कर." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" पलीकडचा म्हणजे कोण ते गुरवानं सांगितलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच जोरात ओरडल्या.

‘एक मूल, एक लॅपटॉप’ हे संस्थेला कसं कळवायचं, हा प्रश्न माझा. मी लिहिलं, ‘कोणत्याही दिवशी पाहिले असता प्रत्येक लॅपटॉप एकाच मुलाकडे असतो.’ संस्थेचं धन्यवादाचं पत्र आलं.

पहिली पुनव वाजतगाजत झाली. तीस लॅपटॉप होडीतून ढोलताशांसह पलीकडे गेले. अवसेला परत आले तेव्हा भरडावर ते आधी अंगणात मांडले गेले आणि त्यांच्यावर तुळशीपत्रानं पाणी शिंपडलं गेलं, कारण सुक्या बांगड्याचा वास येत होता. लॅपटॉप पाण्याला दाद देत नाहीत असं माहितीपत्रकात म्हटलं होतं. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा वेगळं पाणी असणार. त्यातून ते वाचले. पण सोमवारी एका पोरानं लॅपटॉप उघडला तर आत पापलेटाचा फोटो. आबांचा सोमवार होता. त्यांनी मला निरोप पाठवला. पुढच्या पुनवेला तातूंचा निरोप आला: "आमच्या यंत्रात तेंचो रेडो कित्या?"

तेव्हा मी माझ्या नोकरीतला सर्वांत देखणा कागद तयार केला. हस्तांतरण पंचनामा. कलम एक, लॅपटॉप मोजून द्यावेत. कलम दोन, देण्यापूर्वी आतलं सर्व काम पुसून लॅपटॉप कोरे करावेत, काहीही शिल्लक राहू नये. कलम तीन, पुसण्याचं काम केंद्रप्रमुखांनी दोन्ही मानकऱ्यांच्या समक्ष करावं. खाली तीन सह्या. तीन पिढ्यांत या गावानं दोन्ही बाजूंनी सही केलेला हा पहिला कागद, असं तातू स्वतः म्हणाले. मी त्याची झेरॉक्स घरी नेऊन बायकोला दाखवली.

आता एक गोष्ट कबूल करतो, म्हणजे पुढचं समजेल. मला संगणक येत नव्हता. सक्तीचा कोर्स मी पास होतो, नाहीतर वेतनवाढ अडकली असती. पण परीक्षेत माझ्या माऊसवर शेजारच्या तरुण शिक्षकाचा हात बराच वेळ होता. प्रशिक्षणात सगळ्यांना एकेक पेन ड्राइव्ह मिळाला. मी तो निळ्या नाडीनं गळ्यात घालून हिंडत असे. तसली वस्तू तेव्हा दोन्ही काठांवर दुसऱ्या कोणाकडे नव्हती. कोणी विचारलं, साहेब, हे काय, तर मी म्हणे, "माहिती." प्रत्यक्षात त्यात काहीही नव्हतं. मला लॅपटॉपवर एकच गोष्ट येत होती, पुसणं. ती मात्र सराईतपणे येत होती.

त्या वर्षी दांड्यावर सातवीत मयुरी नावाची एकच मुलगी होती. बारा वर्षांची, बोलायला कमी. वडील बाबल, ट्रॉलरवर खलाशी, एकेका खेपेला दहा-पंधरा दिवस समुद्रात. दांड्यावरच्या बहुतेक मुली सातवीनंतर मासळी सुकवायला बसत, कारण आठवीच्या शाळेला खाडी ओलांडावी लागे आणि मग आणखी दोन मैल चाल. मयुरीला पुढे शिकायचं होतं. बाबलनं तिला सांगितलं होतं, "कागदार रेघो कोण पण मारता. त्या यंत्रात खरोच काय तरी करून दाखव, मगे आठवीचा बघूया." हे मला दांड्याच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. त्या पोरीवर त्यांचा जीव होता.

पोरीनं काय करायला घेतलं, तर खाडीच्या तोंडाचा नकाशा. तिथं पाण्याखाली वाळूच्या रेवा असतात आणि दर पावसाळ्यात त्या जागा बदलतात. होडी कुठून घालायची हे जाणत्यांनाच कळतं, आणि त्यांनाही दर वर्षी नव्यानं शिकावं लागतं. मयुरी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लहान होडीतून जायची, बांबूनं खोली मोजायची आणि घरी येऊन लॅपटॉपवर काढायची. पहिल्या पाळीत अर्धा झाला, पुसला. दुसऱ्या पाळीत तीन हिस्से झाला, पुसला. तिसऱ्या पाळीत मात्र पुरा झाला. पण बाबलची ट्रॉलर शनिवारी यायची होती आणि अवस होती गुरुवारी.

त्या गुरुवारी दुपारी दांड्याच्या शाळेच्या व्हरांड्यात मी टेबल मांडून बसलो. एका बाजूला आबा आणि त्यांची पाच माणसं, दुसऱ्या बाजूला तातू, भोवती निम्मा गाव. मी एकेक लॅपटॉप घ्यायचो, पुसायचो, आबा मोजायचे. मयुरीचा उघडला आणि माझा हात थांबला. निळं म्हणजे खोल पाणी, पिवळ्या म्हणजे रेवा, जागोजागी किती हात खोल ते आकड्यांत. पंधरा वर्षं मी त्या खाडीतून जा-ये करत होतो. पाण्याखाली एवढं काही आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"सर," ती म्हणाली, "ह्यो एक ऱ्हवांदेत. बाबा शनवारी येतले, तेंका दाखवचो आसा."

आबा लगेच म्हणाले, "सायबानु, पंचनाम्यात काय लिवलास?"

तातूंनीही मान हलवली. कलम दोन त्यांनाही पाठ होतं. मी पोरीकडे बघितलं. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

"सर, तुमच्या त्या गळ्यातल्यात घालूक येता मा? मगे हंय पुसलास तरी चलात."

सगळा व्हरांडा माझ्या पेन ड्राइव्हकडे बघायला लागला. तो कुठं खुपसतात एवढं मला माहीत होतं. पुढे काय करतात ते माहीत नव्हतं. ‘मला येत नाही, कोणाला येतं का?’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोर दोन मानकरी, निम्मा गाव आणि मी तालुक्याचा साहेब. मी मालवणी सोडून ऑफिसातल्या मराठीत शिरलो.

"हे शासकीय कामासाठी आहे," मी म्हणालो. "यात असं करता येत नाही."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग आबांकडे, तातूंकडे. मग म्हणाली, "बरा, सर."

नक्की पुसायचं का, असं लॅपटॉपनं विचारलं. मी हो म्हटलं. पोर शेजारी उभी राहून बघत होती. पुसून झाल्यावर तिनं तो लॅपटॉप दोन्ही हातांनी आबांना दिला. आबा म्हणाले, "सतरा."

पुढच्याच आठवड्यात एका शिक्षकानं कसल्यातरी बैठकीचे फोटो माझ्या पेन ड्राइव्हमध्ये घातले. मी त्याच्या मागे उभा राहून बघत होतो. कपात चहा ओतून होईपर्यंत काम झालं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी कोणालाही सांगितलं नाही.

दांड्याची पुढची पाळी वार्षिक परीक्षेत गेली. लॅपटॉप कपाटातच राहिले. एप्रिलमध्ये संस्थेच्या एक बाई येऊन गेल्या. पंचनामा बघून त्या इतक्या खूष झाल्या की त्यांनी अहवालात लिहिलं, गावानं वाटून घेण्याची स्वतःची परंपरा संगणकाला लावली. जिल्ह्याच्या बैठकीत मला उभं करून त्यावर बोलायला लावलं. मी बोललो. टाळ्या झाल्या. मुलांनी त्या लॅपटॉपवर काय काय केलं, असं मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर दाखवायला काही नव्हतं. सगळं मीच पुसलं होतं.

मे महिन्यात माझ्यापुढे गळतीचा तक्ता आला. सातवी झालेलं प्रत्येक मूल आठवीत गेलं पाहिजे, नाहीतर केंद्रप्रमुखाला कारण लिहावं लागतं. माझ्या तक्त्यात एकच जागा रिकामी होती, मयुरीची. मी दांड्यावर गेलो तो त्या रिकाम्या जागेसाठी. पोरीच्या कळवळ्यानं गेलो असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही.

बाबल अंगणात जाळं शिवत बसला होता. मयुरी मागच्या बाजूला बांगडे पसरत होती. मी विषय काढला.

"सर, मी शबूद दिललंय," बाबल म्हणाला. "काय तरी करून दाखव, पाठयतंय. शनवारी इलंय तर यंत्रच नाय. म्हणता, नकाशो काढललंय, सरांनी पुसल्यानी. मी म्हटलंय, चांगलो आसतो तर सरांनी राखल्यानी नसतो? सर काय येडे आसत? मगे वहीत काढूक लागली. मी म्हटलंय, आता काय, काय पण काढशीत."

माझ्याकडे अशा वेळची वाक्यं तयार असतात. मुलींचं शिक्षण, शासनाचं धोरण, मोफत एसटी पास. त्यातलं एक जिभेवर आलंही होतं. पण ‘सर काय येडे आसत?’ हे त्यानं इतक्या विश्वासानं विचारलं होतं की मला पुढे खोटं बोलवेना.

"बाबल," मी म्हटलं, "नकाशो होतो. पुरो होतो. बरो होतो. माकाच तो राखूक येत नव्हतो, आणि येना नाय म्हणूक लाज वाटली."

नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी कोणा पालकाला ‘मला येत नाही’ असं सांगितलं नव्हतं. बाबलनं जाळ्याची सुई खाली ठेवली.

"म्हणजे माझा चेडू, मयुरी, खोटा बोलूक नाय?"

"नाय."

"रेवो खंय दाखवल्यान होती?"

मी आठवून सांगितलं. तोंडाशी डाव्या हाताला दोन, आणि मधे एक लांबट, तिच्यावर फक्त एक हात पाणी.

बाबलनं खाडीच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "ती मधली माका पण औंदाच गावली. तिच्यार आमची होडी बसली तेवा." त्यानं जाळं बाजूला सारलं. "घाला तिचा नाव आठवीक. पण सर, तुमच्या कागदासाठी नाय हां. चेडवाक मी खोटा म्हटलंय, म्हणान."

मी तिथंच उभ्या उभ्या तक्ता भरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं, जरा अभिमानही वाटला, खरं बोलल्याचा. होडीपर्यंत सोडायला बाबलनं मयुरीला पाठवलं, कारण सुकती होती आणि चिखलात कुठं पाय टाकायचा ते मला कळत नव्हतं. ती पुढे, मी तिच्या पावलांवर पाय ठेवत मागे.

"मयुरी," मी म्हटलं, "ता कसा करतत ता मी आता शिकलंय गो."

ती हसली. "माका तेवाच येत होता, सर. यंत्रातच लिवलला होता, कसा करूचा ता."

मी थांबलो. "मगे बोललंस कित्या नाय?"

ती वळली. तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "आबा होते, तातू होते, सगळो गाव होतो. तेंच्या म्होऱ्यात मी तुमका शिकवलंय आसतंय, तर तुमचो मान खंय ऱ्हवतो?"

तिनं होडी धरली, मी चढलो. मानापायी भांडतात म्हणून त्या गावाला मी वर्षभर मनातल्या मनात हसत होतो. माझा मान राखायला बारा वर्षांच्या पोरीनं आपला नकाशा दिला, आणि मी तो घेतला.